डाग क्रमांक ४१३

८ सप्टेंबर, सोमवार
आज ग्रंथ आला. युरोपातल्या कुठल्याशा मठातला, पाचशे वर्षांपूर्वीचा. तिथले साधू देवासमोर गायचे, ती त्यांची गाण्याची वही. अबू धाबीच्या प्रदर्शनात जाईपर्यंत मुक्काम आमच्या शारजाच्या वेअरहाऊसमध्ये. कंडिशन रिपोर्ट करायचाय. म्हणजे कुठे फाटलंय, कुठे डागलंय, सगळं नोंदवायचं. रुवैसच्या रिफायनरीत डॉक्युमेंट कंट्रोलर म्हणून सतरा वर्षं व्हॉल्व्हचे रिपोर्ट सांभाळले. पुस्तक काय चीज आहे!
वस्तूंची नोंद सांभाळणाऱ्या रजिस्ट्रारची जागा रिकामी आहे. अर्सलानला, म्हणजे साहेबाला, स्पष्ट विचारलं, मला द्याल का. म्हणाला, इन्शाल्ला. म्हणजे झालंच.
संकल्प: प्रदर्शनाच्या कॅटलॉगमध्ये माझं नाव.

१० सप्टेंबर
प्रमिला म्हणते, एवढी वर्षं गल्फमध्ये काढली आणि इन्शाल्लाचा अर्थ कळला नाही. बायकोला ऑफिसातलं काही सांगू नये.

११ सप्टेंबर
वजन बावीस किलो. लाकडी पुठ्ठे, वर चामडं, पितळी गुंड्या. पान उलटायला दोघं लागतात. दुसरी नबिला. वय सव्वीस, लंडनची डिग्री. मी पांढरे ग्लोव्ह्ज चढवून सज्ज, आणि ही बया नुसते हात धुऊन आली! म्हणाली, ग्लोव्ह्जनी पान नीट धरता येत नाही, स्वच्छ धुतलेले हातच बरे. अर्सलानला मेल टाकला. उत्तर आलं, नबिला बरोबर आहे. असो. स्वच्छ हात चालतात, लक्षात ठेवलं.

१६ सप्टेंबर
पानं कातड्याची निघाली. वासराच्या! एका बाजूला केसांची छिद्रंसुद्धा दिसतात. एका पानाला भोक, भोकाला सहा टाके, आणि अक्षरं त्याला वळसा घालून पुढे गेलेली. मी रिपोर्टमध्ये 'प्राणी' एवढंच लिहिलं. नबिलाने खोडून 'वासरू' केलं. आपले ऋषी तरी मृगाजिनावरच बसायचे म्हणा. घरी सांगितलं तर प्रमिला म्हणाली, आधी आंघोळ.

२३ सप्टेंबर
डाग मोजून संपले. चारशे बारा. जिथे तिथे मेणाचे थेंब. प्रत्येक पानाचा खालचा कोपरा उलटून उलटून काळा. मी सुचवलं, पुसून घेऊ, क्लायंट खूश होईल. नबिला माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, हे डागच मौल्यवान. एकाच वहीतून वीस जण गायचे, म्हणून अक्षरं एवढी मोठी. माणसं इथे उभी राहून गायली, त्याचा हा पुरावा.
मला एकदम पटलं. आपल्याही पोथ्यांना कुंकू लागलेलं असतंच की. मैथिलीला सांगितलं. कानातला इअरफोन न काढता म्हणाली, कूल, बाबा.

२ ऑक्टोबर, गुरुवार, सकाळी सव्वासात
दसरा. हाताखालच्या कागदांना हळदकुंकू लागलं नाही असा माझा एक दसरा गेलेला नाही. रुवैसला व्हॉल्व्हच्या फायलींना लावायचो, एक व्हॉल्व्ह फुटला नाही कधी. आणि पाचशे वर्षं देवाचं गाणं वागवलेल्या ग्रंथाला आज कोरडं ठेवायचं? हात स्वच्छ धुतले. ओल्या बोटाने पहिल्या पानावर हळद, वर कुंकू. एवढंसंच. नमस्कार करताना डोळे भरून आले. सरस्वतीला म्हटलं, रजिस्ट्रारचं तेवढं बघ.

त्याच दिवशी, दुपारी
नबिलाने पाहिलं. ओरडली नाही. स्टुलावर बसून रडायला लागली. अर्सलानने नेहमीसारखं हबीबी म्हटलं नाही, मिस्टर गुणवंत म्हणाला. मी विचारलं, साधूचं मेण सांडलं की इतिहास, आणि माझं कुंकू लागलं की नुकसान? माझी भक्ती काय सेकंडहँड आहे? मुद्दाच बिनतोड होता.

६ ऑक्टोबर
हळद कातड्यात मुरली. पाणी लावलं तर पान आक्रसेल, घासलं तर शाई जाईल. तसंच ठेवायचं ठरलं. मला तर हे चांगलं लक्षण वाटतं.
रजिस्ट्रार: नबिला. टेंपररी असणार.

१३ ऑक्टोबर, सोमवार
खलास. नोटीस मिळाली. व्हिसाचं काय, घरी काय सांगायचं, काही सुचत नाही.
शेवटचं काम दिलं: नबिलाचा फायनल रिपोर्ट तपासून शिक्का मारायचा. डॉक्युमेंट कंट्रोलर अजून मीच ना! शेवटच्या पानावर वाचलं. डाग क्रमांक ४१३. पिवळा, मध्ये लाल. ताजा. एका बोटाएवढा. निघणार नाही. कारण: कर्मचारी.
कर्मचारी! रुवैसची सतरा अधिक इथली दोन वर्षं, आणि कर्मचारी? तिच्या टेबलाशी जाऊन म्हटलं, हा रिपोर्ट कॅटलॉगवाल्यांकडेही जाणार, निदान नाव तरी टाक. ती खाली बघत म्हणाली, अंकल, मुद्दामच नाही टाकलं. नाव आलं तर तुम्हाला पुढे कुठेच नोकरी मिळणार नाही.
खरं होतं तिचं. शिक्का मारला, हात धुतले, घरी आलो.