दार्जिलिंग फंड

४ एप्रिल १९७३, बुधवार. गुढीपाडवा
संकल्प. कडक काटकसर. कलकत्त्याला बदलून येऊन चार वर्षं झाली आणि प्रतिभाला दार्जिलिंग दाखवायचं राहिलंय. दर मे महिन्यात मी ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणतो आणि ती मान डोलावते. यंदा डोलावली नाही. ऑफिसात कुजबुज आहे की जूनमध्ये माझी नागपूरला बदली. म्हणजे हा मे शेवटचा. एक महिना पुष्कळ झाला. मी मनावर घेतलं की काय होतं हे या घराने अजून पाहिलेलं नाही.
श्रीखंडाला धड चक्का मिळेना, म्हणून मिष्टी दोईची, म्हणजे इथल्या गोड दह्याची, चार मडकी आणली. सण आहे. काटकसर उद्यापासून धरू.

५ एप्रिल, गुरुवार
वर्तमानपत्र बंद. खालच्या मजल्यावर सान्यालबाबूंकडे येतंच की. एका इमारतीत एकच पेपर दोनदा घेणं ही उधळपट्टी. सान्यालबाबू भला माणूस, लगेच हो म्हणाले. सकाळी ते वाचणार, मग त्यांचे वडील, दुपारी त्यांची बायको सुनीतीदी. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी. हरकत नाही. बातमी शिळी झाली म्हणून खोटी होत नाही.
प्रतिभा म्हणाली, रद्दीचे पैसेही गेले. बायकांना लांबचं दिसत नाही.

७ एप्रिल, शनिवार
ट्रामच्या सेकंड क्लासने डलहौसीला, ऑफिसला. पंखा नाही, पण रूळ तेच. उतरतो तर पुढच्या, फर्स्ट क्लासच्या डब्यातून आमचा चपराशी श्यामसुंदर उतरला. साहेब चुकून मागे चढलात का, असं त्याने फार काळजीने विचारलं. गर्दीत चुकलो म्हटलं.

८ एप्रिल, रविवार
कोळसा महागलाय. इथले लोक काय करतात? कोळशाच्या भुकटीत माती नि शेण कालवून गोळे वळतात, गच्चीवर वाळवतात आणि शेगडीत जाळतात. गुल म्हणतात त्यांना. प्रतिभाने हात लावायला साफ नकार दिला. मी आणि कालिंदी (वय नऊ, एकुलती एक लेक आणि एकुलती एक फौज) दिवसभर वळत होतो. पहिले चपटे झाले, पुढचे लांबट. जळणाला रूप लागत नाही. अर्धी गच्ची भरली.
हात धुवायला साबणाच्या दोन वड्या गेल्या. कालिंदीचा फ्रॉक टाकावा लागेल. जुनाच होता.

९ एप्रिल, सोमवार
स्टॉपवर श्यामसुंदर. तो गेल्यावर सेकंड क्लास गाठू म्हणून तीन ट्रामा सोडल्या. मागाहून कळलं, तो मी चढायची वाट बघत होता. शेवटी दोघंही फर्स्ट क्लासने गेलो. त्याचं तिकीट मी काढलं. साहेबाला काढावंच लागतं. उशिरापायी अर्ध्या दिवसाची रजा गेली.

१० एप्रिल, मंगळवार
प्रतिभाच्या भिशीचा विषय काढला. इथल्या मराठी मंडळातल्या बायका दरमहा पंचवीस-पंचवीस रुपये काढतात, जिची चिठ्ठी निघेल तिला सगळी रक्कम. सोबत चहा, भजी नि साड्यांच्या गप्पा. याला म्हणे बचत म्हणतात! भिशी ताबडतोब बंद, असं बजावलं. प्रतिभा काही बोलली नाही. पटलं असावं.

१२ एप्रिल, गुरुवार. संध्याकाळी ७
ऑफिसात होतो तेव्हा चार वाजता कालबैशाखीचं वादळ झालं. मोठा पाऊस. गच्चीवरचे गुल विरघळले आणि ते सगळं काळं पाणी सान्यालबाबूंच्या व्हरांड्यात उतरलं. तिथे बंगाली नववर्षासाठी आणलेल्या तांताच्या, म्हणजे हातमागाच्या, साड्या आणि इस्त्रीची धोतरं ठेवलेली. मी जिना चढतोय तोच कालिंदीने सांगितलं, “बाबा, काकीमाचा सगळा कापड कालो झाला.” हिचं मराठी सुधारायला हवं.

१३ एप्रिल, शुक्रवार
दोन साड्या, एक धोतर, भरपाई. सुनीतीदी नको नको म्हणत होत्या. प्रतिभाने मला दुकानात नेऊन उभं केलं. हा खर्च काटकसरीच्या खात्यात धरायचा नाही. ही नैसर्गिक आपत्ती.
पेपर मात्र सान्यालबाबू अजून पाठवतात. याला म्हणतात घराणं.

१७ एप्रिल, मंगळवार
ट्राम नाही, बस नाही. आळशी लोक! भवानीपूरहून डलहौसीपर्यंत भर उन्हात चालत गेलो. ऑफिसला कुलूप. दरवान हसला. आज सगळं शहर बंद आहे हे काल सगळ्या पेपरांत होतं. आमच्याकडे कालचा पेपर आज आला, मी घराबाहेर पडल्यावर. येताना चपलेचा अंगठा तुटला, पायाला फोड.
व्यायाम झाला. डॉक्टरचे पैसे वाचले असं धरू.

२६ एप्रिल, गुरुवार
जेवताना प्रतिभाने विचारलं, समजा पैशांची सोय झालीच, तर तुम्ही याल ना दार्जिलिंगला? प्रश्न तत्त्वाचा होता, म्हणून ताट बाजूला सारून नीट समजावून सांगितलं. थंड हवा विकत घेणं ही चैन. डोंगर एकाने पाहिला काय नि तिघांनी पाहिला काय, डोंगर तेवढाच. शहाणा कर्ता पुरुष बायकामुलांना पाठवतो, स्वतः घरी राहतो आणि एक तिकीट वाचवतो.
अर्धा तास बोललो. तिने मध्ये एकदाही टोकलं नाही. भात गार झाला होता, पण समाधान वाटलं.

६ मे, रविवार
कालचा पेपर आज वाचला. आचारी बरोबर घेऊन दार्जिलिंगची सहल, मोजक्या जागा, नावनोंदणी शनिवारपर्यंत. शनिवार काल होता. धावत सहलवाल्यांच्या ऑफिसात गेलो. दार्जिलिंग फंडात शिल्लक नाही, पण प्रॉव्हिडंट फंडातून काढणार होतो. जागा संपल्या होत्या.
घरी येऊन प्रतिभाला वाईट बातमी सांगितली. ती कणीक मळत होती. म्हणाली, सुनीतीदींकडे ती पेपर रोज दुपारीच वाचते. आणि भिशी चालूच आहे. गेल्या महिन्यात तिची चिठ्ठी निघाली. सान्याल मंडळी चाललीच आहेत, त्यांच्याबरोबर तिने दोन जागा धरल्यात. तिची आणि कालिंदीची.
आणि माझी? असं मी सहज विचारलं.
“विचारलं होतं की मी तुम्हाला,” ती म्हणाली. “तीन जागांचे पैसे होते माझ्याकडे.”
पुन्हा सहलीच्या मॅनेजरकडे गेलो. उभ्यानेही येईन म्हटलं. नाही म्हणाला.

१२ मे, शनिवार
सियालदा. प्लॅटफॉर्म तिकीट काढून आत गेलो. माझा एकमेव स्वेटर प्रतिभाने कालिंदीसाठी घेतला होता. नवा घेणं परवडत नाही, हे मीच सांगत असतो. सान्यालबाबू खिडकीतून मला पेपर देऊ लागले. आजचा. घेतला.
गाडी हलली तेव्हा प्रतिभा हसत होती. इतकं मोकळं हसताना तिला कलकत्त्यात पाहिलं नव्हतं. मला बरं वाटलं. मग फार वाईट वाटलं.
परत आलो. भाकरी झाकून ठेवली होती, ती खाल्ली. पाडव्यापासूनचा हिशेब मांडला. एवढ्या दिवसांत खरोखर वाचलेली वस्तू एकच, माझं तिकीट.
मला जायचं होतं.