भिंगरीचा अर्ज

दि. ६ जानेवारी

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. एका काळजीपायी लिहायला बसले. भिंगरीची शाळा मुलांना तीन दिवस तळ्याकाठी तंबूत राहायला नेते आहे. वॉकरशिवाय पाऊल न टाकणारी, तोंडाशी नेता नेता निम्मा घास सांडणारी आपली पोर, आणि ती म्हणे होडी वल्हवणार. जन्मली तेव्हा हौसेने भिंगरी म्हणू लागलो, तेव्हा काय ठाऊक होतं.

शाळेने अर्ज दिलाय. एकोणीस कामं, आणि प्रत्येकापुढे दोन चौकोन: ‘स्वतः करते’ आणि ‘मदतीने करते’. मी एकोणीस ठिकाणी ‘मदतीने’वर खूण केली. बाईंना म्हटलं, मीही येते, कुठेतरी कोपऱ्यात पडून राहीन. त्या हसून म्हणाल्या, आयांसाठी तंबू नाही. यांनी तर सही करूनही टाकली. तुझा शब्द हे मोडत नाहीत. पाठवू नका, अशा दोन ओळी त्यांना लिही. एवढं माझ्यासाठी कर.

आहे ती माया राहू दे.

तुझी,
धाकटी

दि. ११ जानेवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

भिंगरीच्या बाबांना लिहिलं. सही केलीत ते छान केलंत, एवढंच लिहिलं. रागव हवी तेवढी.

त्या अर्जात वेणी घालणं असेलच. तिचे हात डोक्यापर्यंत पोचतात, मी पाहिलंय. मॅट्रिकच्या शेवटच्या पेपरापर्यंत तुझी वेणी मी घालत होते, आठवतं? तू हात वर नेलास की मीच खाली ओढायची, कारण घाई मला असायची. मग सासरी महिनाभर तिरपी वेणी मिरवत हिंडलीस. कुणाचं काही बिघडलं नाही.

देवावर टाकतेस त्यातला थोडा भार पोरीवर टाकून बघ. जाऊ दे तिला.

रुसलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
ताई

दि. २४ जानेवारी

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

भिंगरी काल सुखरूप आली. पिशवीत चिखल, नाकाचं सालपट निघालेलं, आणि डोक्यावर तिरपी वेणी. तिने स्वतः घातलेली. बाई सांगत होत्या, पाऊण तास लागला, सगळा तांडा नाश्त्याला खोळंबला, पण कुणी हात लावला नाही. माझा हात कंगव्याकडे गेला होता. तुझं पत्र आठवलं आणि मागे घेतला.

वॉकर काठावर ठेवून तिला होडीत बसवलं. वल्हं हातात आल्यावर होडी आधी जागच्या जागी गोल फिरली. बाई म्हणाल्या, नाव सार्थ केलं पोरीने. मग सरळ निघाली. काठाला लागल्यावर ही उतरेचना. अडखळत दोनच शब्द म्हणाली, “अजून एकदा.”

बाईंनी अर्ज परत दिला. एका संध्याकाळी त्यांनी तो भिंगरीपुढेच ठेवला होता. अकरा ठिकाणी माझी खूण खोडून तिने ‘स्वतः’वर केलीय. इतकी दाबून, की कागद फाटलाय.

आता मनातलं सांगते, यांना कळू देऊ नकोस. ती निघायच्या आदल्या दिवसापर्यंत मी देवाला साकडं घालत होते, की काहीही होऊ दे पण हे जाणं रद्द कर. त्याने ऐकलं नाही. आज सकाळी दिवा लावला आणि न ऐकल्याबद्दल त्याच्यापुढे डोकं टेकवलं. मग तुझीही आठवण झाली. तूही ऐकलं नव्हतंस.

आम्हा दोघींवर अशीच माया ठेव, आणि माझं सगळंच ऐकत जाऊ नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. पाकिटावरचा पत्ता भिंगरीने लिहिलाय. मी गिरवला नाही. पत्र पोचलं तर उत्तर तिच्या नावाने पाठव.