लुकासच्या सात पिढ्या

२ मार्च, ख्राइस्टचर्च
मैत्रेयीला लग्न करायचंय. कुणाशी, तर ऑफिसातल्या लुकासशी! पूर्वज स्विस, गायी पाळायला न्यूझीलंडला आले म्हणे. आले असतील! घराणं कोण बघणार? सेकंडहँड गाडी घेतानासुद्धा हिस्टरी काढतात इथे. जेवताना निक्षून सांगितलं, सात पिढ्या तपासल्याशिवाय कन्यादान करणार नाही. एक डाग निघाला की विषय कट. दमयंती म्हणाली, आधी भात घ्या. या बायकोला गांभीर्य म्हणून नाही.

५ मार्च
लुकासच्या मूळ स्विस गावच्या चर्चची जुनी रजिस्टरं ऑनलाइन आहेत. बारसं, लग्न, मयत, सगळं. तीस वर्षं बिल्डिंगांची ड्रॉइंग्ज वाचली मी. आठवड्यात उडवतो.

६ मार्च
जुनं जर्मन हस्ताक्षर. पाद्री लिहीत होता की कोंबडीचे पाय शाईत बुडवून सोडत होता? डोकं फिरलं.

९ मार्च, रविवार
लुकास स्वतःच आला वाचून दाखवायला. आजीनं शिकवलंय म्हणे. आपण कुणाला मदत करतोय हेही गाढवाला कळत नाही. वर, स्वीट ॲज, चंद्रहास! म्हणजे इथल्या भाषेत झकास. सासऱ्याला नावानं हाक! थालीपिठं चार खाल्ली.

२३ मार्च
चार पिढ्या क्लीन. सुतार नाहीतर गवळी. दारू पिऊनसुद्धा कुणी मेलं नाही! नुसता संताप. मैत्रेयी विचारत होती, हॉल बुक करू का. अजून तीन पिढ्या आहेत, म्हणून ओरडलो. उठून गेली. धाक हवाच.

३० मार्च
सापडला! सहावी पिढी. आना मारिया, लग्न नाही, मुलगा आहे. बापाच्या जागी नुसती रेघ. मी मिशीतल्या मिशीत हसलो. लुकासच्या वडिलांना, पीटरना, जेवायला बोलावलं आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं. पीटर ताडकन उठले. म्हटलं, आता जुंपणार. त्यांनी मला मिठीच मारली. वंशावळीत हिचीच जागा रिकामी होती, कित्येक वर्षं या बाईला शोधत होते म्हणे. रडले की हो!
मैत्रेयी मात्र इंग्रजीत म्हणाली की महिनाभर मी फक्त नाक मुरडायला कारण शोधत होतो. मी म्हटलं, असेल, पण शब्द म्हणजे शब्द, कन्यादान नाही. ती म्हणाली, ओके. येईल वठणीवर.

५ एप्रिल
मेव्हणा शिरीष आणि सुमेधावहिनी पुण्याहून टपकले. सुट्टीला म्हणे. सुट्टीला येताना कुणी शालू आणि सोवळं आणतं? विचारलं तर दमयंतीनं चहाचा कप पुढे केला.

१२ एप्रिल, शनिवार
लग्न झालं. कन्यादान मामा-मामींनी केलं.
ऐनवेळी मन मोठं करून मी पुढे सरसावलो होतो. भटजी म्हणाले, मुलाकडच्यांनी जरा मागे थांबा. खुर्ची खरंच मुलाकडच्यांत ठेवली होती माझी. पीटरनी सगळ्यांना सांगून ठेवलेलं, आपल्या घराण्याचा इतिहास शोधणारा तो हाच. एकेक स्विस म्हातारी येऊन माझे हात धरत होती. चीड, चीड नुसती! रडूही येत होतं.
त्यातल्या एकीनं प्रेमानं चौकशी केली, मुलीचे वडील दिसत नाहीत कुठे?
मी म्हटलं, नाही आले.