सूचना न दिल्याचा खुलासा आणि चौकशी खिडकीवर भाचीला न बसवण्याबाबत

प्रति,
मा. आगारप्रमुख,
बस आगार क्र. ३

विषय : मंगळवारी इंजिने बंद करण्याची सूचना न दिल्याचा खुलासा, भाचीला चौकशी खिडकीवर न नेमण्याबाबत.
संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

सूचना मी दिली नाही, हे कबूल आहे. विसरले नव्हते; मुद्दाम दिली नाही.

१. हवा तपासणारे यंत्र महिन्यातून एका मंगळवारी आगारात येते. त्या सकाळी "सर्व गाड्या मागच्या फाटकाबाहेर लावाव्यात, इंजिने बंद करावीत" असे मी माइकवरून सांगते. आपल्याच कार्यालयाच्या तोंडी आदेशावरून एकोणीस वर्षे सांगितले. यंत्र गेले की गाड्या परत येतात, खिडकीकडे पाठ करून उभ्या राहतात आणि दिवसभर माझ्या तोंडावर धूर सोडतात.

२. यंदा कर्करोगामुळे माझा डावा स्तन काढावा लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "धुरानेच झालं असं मी ठामपणे नाही सांगणार. पण वर्षानुवर्षं असल्या हवेत बसलं की धोका वाढतो, असं अभ्यासांत दिसतंय. जागा बदला." मी अर्ज केला. उत्तर आले, 'आगारातील हवा समाधानकारक.' सोबत त्याच मंगळवारांचे आकडे. स्वतःच्या पायावर धोंडा मीच पाडून घेत होते, तोही माइकवरून.

३. दुसऱ्या अर्जावर आस्थापना शाखेने श्वास फक्त कामाच्या वेळेत घेतल्याचा दाखला मागितला. तो कुठे मिळतो, असे तिथल्या भाऊसाहेबांना विचारले. ते म्हणाले, "ताई, ते तुमचं तुम्ही बघा. आमच्याकडे नमुना नाही." मला संताप आला. अजून आहे.

४. म्हणून या मंगळवारी गप्प बसले. आकडा नेहमीच्या चौपट आला. यंत्रवाल्यांनी यंत्र पुसून पुन्हा पाहिले, तरी तेवढाच. मी आगाराची बदनामी केली, असे नोटिशीत आहे. महोदय, त्या दिवशी मी अवाक्षरही काढले नाही.

५. आता मला भांडारात पाठवून सोमवारपासून खिडकीवर माझ्या भाचीला बसवता आहात. ती बावीस वर्षांची आहे. नोकरी लागल्याचे सांगायला धावत आली, तेव्हा मला तिचे अभिनंदनही करता आले नाही.

मला हवी ती शिक्षा करा. पण खिडकी धुरापासून दूर, पुढच्या फाटकाशी हलेपर्यंत तिला तिथे बसवू नका. तोवर मीच बसते. माझे जायचे ते गेले. तिचे अजून सगळे शाबूत आहे.

आपली,
(आज 'नम्र' लिहवत नाही)
चौकशी लिपिक, खिडकी क्र. १
दि. १४, शुक्रवार

सोबत :
१. शस्त्रक्रियेचा अहवाल
२. मंगळवारच्या आकड्याची प्रत (आपल्याकडची गहाळ झाल्याचे कळले)