कैलासवासी देणगीदार

धरणगाव
५ फेब्रुवारी २०२५

श्री. धनसिंगनाना,

कौतिकचा रामराम घ्या. विहीणबाईंना भिकुबाईचा नमस्कार. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. सकाळी अजून स्वेटर लागतो आणि दुपारी पंखा लागतो, असे दिवस चाललेत. माझा गुडघा कुरकुरतो, पण त्यात नवीन काही नाही. तुमच्या शुगरची खबर आमची सारिका तिच्या आईला देत असते, तेव्हा तुमची खुशाली विचारतो ती रीत म्हणून.

फोन का केला नाही, असं म्हणाल. मे महिन्यापासून चार वेळा केला, तुम्ही उचलला नाही, आणि बरंच केलंत. फोनवर बोललेल्याचं मी काय करतो ते तुम्ही पाहिलंच आहे.

आधी चांगली बातमी सांगतो. अभ्यासिकेची नोंदणी कायम राहिली. गेल्या मंगळवारी इन्कमटॅक्सचा आदेश आला. मी तो तीनदा वाचला आणि भिकुबाईला म्हटलं, शिरा टाक. मुलींनी इतका खाल्ला की तिला दुसऱ्यांदा कढई चढवावी लागली. सध्या पासष्ट मुली येतात. सकाळी सहाला मी कुलूप उघडतो तेव्हा पाच-सहा जणी पायरीवर बसलेल्याच असतात. यंदा दोघी पोलीस भरतीत लागल्या आणि पिंप्रीची एक तलाठी झाली. बावीस वर्षांपूर्वी आम्ही पाच जणांनी दोन खोल्यांत हे सुरू केलं तेव्हा मुली येतील की नाही हीच धास्ती होती. आता बसायला जागा पुरत नाही. ह्या वयात माणसाला आणखी काय हवं?

तुमच्या-आमच्यात जे झालं ते एकदा कागदावर मांडतो. अभ्यासिकेवरच्या हॉलमध्ये तुमच्या पक्षाची बैठक घेऊ द्यायला मी एप्रिलमध्ये नकार दिला. अठरा दिवसांनी संस्थेला इन्कमटॅक्सची नोटीस आली. माझ्या व्याह्यानं फोनवर तशी धमकी दिली होती, असं मी पेपरवाल्याला सांगितलं आणि त्यानं ते तुमच्या नावासकट छापलं. धुळ्यात तुम्हाला मुलींची अभ्यासिका बंद पाडणारा माणूस म्हणू लागले, आणि वीस वर्षं राबून मिळवलेलं शहर उपाध्यक्षपद तुम्हाला सोडावं लागलं. गावात तेव्हा जो तो हेच बोलत होता, मलाही तसंच वाटलं. निदान मी सगळ्यांना आजवर असंच सांगत आलो.

नोटिशीचं खरं कारण तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. ते ऐकून तुम्ही हसाल. आपल्याकडे घरातलं कुणी गेलं की वर्षश्राद्धाला संस्थेला काहीतरी देतात. पैसे मुलगा देतो, पण पावती बापाच्या नावानं मागतो. नाव राहिलं पाहिजे ना! मीही खुशाल तशा पावत्या फाडत आलो. पुढं सरकार देणगीदारांची यादी पॅन क्रमांकासकट मागू लागलं, तेव्हा लोकांनी फोटोमागं जपून ठेवलेलं वडिलांचं कार्ड काढून दिलं आणि मी ते क्रमांक इमानेइतबारे भरले. नोटिशीचं पहिलं पान आम्ही सगळ्या विश्वस्तांनी वाचलं. मागच्या दोन पानांवर इंग्रजीत यादी होती, ती कुणी उलटलीच नाही.

उलटली ती अखिलनं. तो आपल्या दलिचंदशेठ कापडवाल्यांचा मुलगा, जळगावला सीए आहे. त्यानं यादीवरून पेन्सिल फिरवली आणि चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. “काका, ह्यातले एकोणतीस जण कैलासवासी आहेत. जाऊन पाच-पाच वर्षं झाली आणि देणग्या देतायत. कॉम्प्युटरला संशय येणार नाही तर काय होणार?”

मग पैसे आमचे होते, असं त्या एकोणतीस घरांतून लिहून आणायचं ठरलं. नाना, खरं सांगतो, नोकरी सुटल्यापासून इतके चांगले दिवस मी पाहिले नव्हते. एकेका घरी दोन-दोन तास जायचे. चहा झाला की गेलेल्या माणसाची गोष्ट निघायची, मग जेवूनच जा म्हणायचे. एका म्हातारीनं मात्र माझा हात धरला आणि विचारलं, “भाऊ, त्यास्नं नाव काढी टाकशात का?” त्या घरातून परतताना मला उपाय सुचला. पावती मुलाच्या नावानं करायची आणि बापाचं नाव खुर्चीच्या पाठीवर रंगवायचं. आता मुली भांडतात, “आज रुपचंदआबा माझे, काल तू बसली होतीस!” रुपचंदआबा हयात असताना त्यांच्याजवळ कुणी पाच मिनिटं बसत नव्हतं.

तुम्ही राजकारणातले, म्हणून एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगतो. तुमच्या नेत्याच्या संस्थेलाही मी देणगी दिली होती, आणि तिथली पावती माझ्या आईच्या नावावर, आईच्याच पॅनवर आहे. आई जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांना काही नोटीस नाही. आम्हालाच का, हा प्रश्न मी लेखी विचारला आहे आणि उत्तर येईपर्यंत विचारणार आहे. कारण साधंसरळ असेल, नसेलही. पण त्या प्रश्नात तुमचं नाव गोवायचा मला काहीएक अधिकार नव्हता.

इथवर लिहून झालं तेव्हा भिकुबाई मागं उभी राहून वाचत होती. म्हणाली, “बठ्ठं लिखं तुम्ही, पन ते नही लिखं.”

तर सगळ्यातून राहिलेलं ते लिहितो. अखिलकडे मी गेलो ती तारीख एकवीस मे. पेपरात बातमी आली चोवीस मेला.

हो, आधी अखिल आणि मग पेपर. बातमी छापून आली तेव्हा नोटीस कशामुळे आली ते मला पक्कं ठाऊक होतं. जळगावहून परतताना बसमध्ये मी ठरवलं होतं की विश्वस्तांसमोर चूक कबूल करायची. स्टँडवर उतरलो तर लोटनभाऊ बाकीच्या विश्वस्तांना घेऊन त्या उन्हात उभे. “काय भाऊ, राजकारणच ना?” पावत्या सगळ्या माझ्या अक्षरातल्या. शाळेत अठ्ठावीस वर्षं हेडक्लार्क होतो, गावात कुणाला अर्ज लिहायचा असला तर आधी मला दाखवतात. माझ्या हातून चूक झाली हे त्या घोळक्यात माझ्या तोंडून निघेना. मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पेपरवाला घरी आला. त्याला नुसती मान पुरेना, काहीतरी सांगणं भाग होतं. मला तुमचा फोन आठवला.

तो फोन स्पीकरवर होता. भिकुबाई लसूण सोलत होती. मी म्हणालो, “हॉल मिळणार नाही, नाना. आज तुम्हाला दिला तर उद्या दुसऱ्याला द्यावा लागेल.” तुम्ही म्हणालात, “बरं बरं. थांबा, तुमच्या मागं इन्कमटॅक्सवालेच लावतो!” आणि खो-खो हसलात. मागून विहीणबाई ओरडल्या, “आधी त्यांच्या कढईतली शेवभाजी जप्त करा!” मीही हसलो. इतका हसलो की ठसका लागला आणि भिकुबाईनं पाणी आणून दिलं. व्याह्यानं व्याह्याची थट्टा करायची नाही तर कुणी करायची?

पेपरवाल्याला मी तुमचं वाक्य शब्दन्‌शब्द खरं सांगितलं. हसणं तेवढं सांगितलं नाही. बातमी वाचून भिकुबाई मला म्हणाली होती, “तवय तुम्हीबी हासनात ना?” मी तिच्यावर खेकसलो. तिनं तो विषय पुन्हा काढला नाही, आणि माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलू लागली.

संक्रांतीला सारिका आली होती. दिवाळीच्या साफसफाईत तुमच्या कपाटात कागदाखाली तिला तो पेपर सापडला. त्या दिवशी पेपर आलाच नाही, असं तुम्ही घरात सांगितलं होतं म्हणे. बापाची करणी लेकीला दिसू नये म्हणून तुम्ही तो लपवला, आणि एवढ्या महिन्यांत तिला एका शब्दानं बोलला नाहीत. पक्षाला दिलेल्या खुलाशातही माझ्याविरुद्ध अवाक्षर काढलं नाहीत, हे जावई स्वप्नीलरावांनी सांगितलं. ऐकून मला रडू आलं. लेकीदेखत रडलो. लाज वाटली नाना, फार लाज वाटली. पत्र त्याच दिवशी लिहायला हवं होतं. आदेश हातात पडेपर्यंत थांबलो, तोही भित्रेपणाच.

येत्या रविवारी, नऊ तारखेला, अभ्यासिकेत माझा सत्कार आहे. अन्यायाविरुद्ध लढलो म्हणून! तोच पेपरवाला येणार आहे. शाल अंगावर पडायच्या आत मी हे सगळं सांगणार आहे. मग चिटणीस म्हणून ठेवायचं की काढायचं ते विश्वस्त ठरवतील. काढलं तरी सकाळचं कुलूप उघडायचं काम मागून घेईन, ते मला आवडतं. हे ठरल्यापासून भूक चांगली लागते आहे आणि भिकुबाई काल पहिल्यांदा माझ्याशी भांडली. घर पुन्हा घरासारखं वाटतंय.

पण माझी हिंमत मी स्टँडवर पाहिलेली आहे. म्हणून सोबत वेगळा कागद जोडला आहे. त्यात फोनवर कोण काय बोललं, कोण कोण हसलं, मी अखिलकडे कधी गेलो आणि पेपरवाल्याला काय सांगितलं, सगळं तारखेनिशी आहे. खाली माझी सही, आणि साक्षीदार म्हणून भिकुबाईची. रविवारी मी कचरलो तर तो कागद पेपरात द्या, पक्षात द्या, चौकात लावा. मला विचारायची गरज नाही.

सोमवारी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं धुळ्याला यायला निघतो आहोत. सारिकाला दाराशी पाठवू नका, ती बापाला नाही म्हणू शकणार नाही. दार उघडायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. नाही उघडलंत तर पायरीवरून रामराम करू आणि आल्या पावली परत जाऊ. तुमच्याबद्दल मनात तसूभरही राग धरणार नाही.

धनसिंगनानांनी थट्टा केली होती, आणि ती ऐकून मी पोटभर हसलो होतो, असं राजीखुशीनं आणि अक्कलहुशारीनं

लिहून देणार,
तुमचा व्याही
कौतिक