नवव्या दिवशीचं पाणी

आप्पा,

त्या दिवशी गच्चीवर मी तुम्हाला जे बोलले ते आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला धीर येईल. कॉलेजच्या शेडचं छप्पर दुरुस्तीला निघालं होतं आणि माझ्या पीएचडीची भाताची रोपं आपल्या मोशीच्या सोसायटीच्या गच्चीवर आली होती. चाळीस कुंड्या, सगळा इंद्रायणी. निम्म्यांना रोज पाणी, निम्म्यांना थेंबही नाही. तहान लागली की भातातली कुठली जनुकं जागी होतात, ते मला बघायचं होतं. तुम्ही मावळात चिखलणी करत वाढलेले, मग उभी हयात चाकणच्या कंपनीत प्रेस मशीनवर. "मुद्दाम तहानेलं ठेवायचं? आन् ह्याला शिक्षान म्हनायचं व्हय?" असं म्हणून तुम्ही हसला होतात, मीही हसले होते.

नवव्या दिवशी सकाळी आमचे सर प्रयोग बघायला आले. मी त्यांना घेऊन वर येते, तर तहानलेल्या सगळ्या कुंड्यांखाली ओल, आणि थर्ड शिफ्टवरून आलेले तुम्ही, अजून कंपनीच्या कपड्यांतच, हातात बाथरूममधला मग. "पानांची पार सुरळी झाली व्हती गं. बघवंना, म्हून घातलं पानी." त्यावर मी सरांदेखत म्हणाले, "अडाण्यासारखं काय केलंत हे! वर्षाची मेहनत मातीत घातलीत माझी." सर कठड्यापलीकडे बघत राहिले. तुम्ही हातातला मग खाली ठेवलात आणि लिफ्ट असून जिन्याने उतरलात. त्यानंतर कधी गच्चीवर आला नाहीत, वाळवणाची दोरी बांधायलासुद्धा नाही.

चिडचिड करतच मी त्या रोपांची पानं कापली, दर दोन तासांनी, आणि गोठवून प्रयोगशाळेत नेली. आप्पा, सगळं त्यातच होतं. पाणी मिळालं की तहानेने जागी झालेली बरीचशी जनुकं पुन्हा शांत होतात, पण काही होत नाहीत, आणि पुढच्या वेळी पाणी तोडलं की तेच रोप लवकर सावध होतं. आठवडाभराने जेवताना तुम्ही विचारलंत, "वाचली का गं रोपं?" मी फोनमधून मान वर न काढता "हो" म्हणाले. एवढंच. सगळं पक्कं झालं की सांगू, असं मनात होतं. वैशाखात तुम्हाला अटॅक आला आणि सांगायचं राहिलं ते राहिलंच. तुम्ही माझं नुकसान केलंत, असंच समजून गेलात, हे मला अजून सहन होत नाही.

आता वाकडला माझी स्वतःची लॅब आहे. काल नव्या मुलीने विचारलं, "मॅडम, मध्येच पाणी देऊन बघायचं तुम्हाला सुचलं कसं?" मी म्हणाले, सुचलं. प्रबंधातही तसंच छापलंय: 'नवव्या दिवशी ठरल्याप्रमाणे पाणी दिले.' आभाराच्या पानावर सोसायटीच्या वॉचमनचंसुद्धा नाव आहे, तुमचं नाही. तुमचं घातलं असतं, तर कशाबद्दल, तेही लिहावं लागलं असतं.