पाळण्याची स्प्रिंग

दांडी, रविवार, मार्च १९६७

घरमालक नाखवांनी ऐकलं नाहीच. नातीच्या पाळण्याला लांबत जाणारी स्प्रिंग लावली होती. जास्त वजन आलं की ती ताणली जाऊन उलगडते, हे मी फिटर असून किती वेळा सांगू? "आमची पोर केवढीशी हाय!" एवढंच उत्तर.

आज मोठी दोन नातवंडं पाळण्यात चढली. स्प्रिंग पार उलगडली, पाळणा जमिनीवर. नशीब, बाळ आईकडे होतं.

लगेच मी ड्रॉबार स्प्रिंग बसवली. ही ओढली की उलट वेटोळी दाबली जातात, एकमेकांना टेकली की थांबतात. पाळणा सुटत नाही.

बाळाला झोका देत नाखवा म्हणाले, "बरी हाय, पण पयलीसारखी झुलत नाय."

बाळ झोपलं होतं, नाहीतर ओरडलोच असतो.